पाय संध्याकाळी पाहावेत

सकाळी दहा वाजता दवाखान्यातल्या टेबलावर आडवं पडून दाखवलेले पाय खोटं बोलतात. रात्रभर पाय आणि हृदय एका पातळीवर असतात. शिरांत साचलेलं रक्त वर निघून जातं, सूज ओसरते, फुगवटे बसतात. तपासणारा म्हणतो, काही विशेष नाही. दाखवणाराही खजील होतो, कारण काल संध्याकाळी तर घोट्यावर बोट रुतत होतं. शिरांचा आजार बघायचा तर उभ्याने, दिवस उतरताना बघावा. नजरही बहुतेकांची जिथे जात नाही तिथे न्यावी, म्हणजे पोटरीवरच्या निळ्या वेटोळ्यांपेक्षा घोट्याच्या आतल्या बाजूच्या कातडीकडे. पुढची कृती घरच्या घरी करायची आहे. तिने निदान होत नाही. डॉक्टरांकडे किती घाईने जायचं आणि गेल्यावर काय सांगायचं, एवढं मात्र तिने नक्की ठरतं.

साहित्य: शिंप्याचा टेप, बॅटरी, हातात धरायचा आरसा, वही, पेन, मोबाइलचा कॅमेरा आणि जमलं तर एक दुसरं माणूस. गुडघ्यामागची लवण स्वतःची स्वतःला दिसत नाही.

वेळ: संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास, दिवसभराचं काम झाल्यावर आणि अंघोळीच्या आधी. उन्हाळा असेल तर उत्तम. उष्म्याने शिरा पसरतात आणि एरवी लपलेलं वर येतं.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे पाय तपासायचे असतील तर थोडी चिकाटी लागते. नऊवारी-सहावारीच्या निऱ्यांखाली काय चाललं आहे ते घरात कोणालाच माहीत नसतं, आणि "काही नाही रे, वयाने दुखतात" हे उत्तर तयार असतं. पँट घालणाऱ्या पुरुषांचंही फार वेगळं नसतं.

आधी घाईची लक्षणं

कृतीला हात घालण्याआधी चार गोष्टी नाहीत ना, याची खात्री करा. त्यांतली एखादी जरी असेल तर वही-टेप बाजूला ठेवून रुग्णालय गाठायचं.

पहिली. एकच पाय तासांत किंवा एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी ताठ झाली, दुखते आहे, हाताला गरम लागते. खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. नुकतंच ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा बसून केलेला प्रवास, अंथरुणाला खिळवणारं दुखणं, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या किंवा कॅन्सर यांपैकी काही असेल तर संशय आणखी बळावतो. असा पाय तेल लावून चोळायचा नाही. आपल्याकडे बाळंतिणीला रोज मालिश असते आणि पाय सुजलेला दिसला की मालिशवाल्या बाई तिथे दोन हात जास्तच मारतात. बाळंतपणानंतरचे निदान सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीने जोखमीचे असतात, म्हणून एका पायाची सूज दिसली की मालिश त्याच दिवशी बंद. पाऊल वर ओढून पोटरीत कळ येते का, हे बघण्याचा जुना प्रयोगही करू नका. त्याच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी. अचानक धाप, श्वास आत घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, घेरी. गुठळी सुटून फुप्फुसात गेली असेल तर असं होतं. इथे १०८ला फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही.

तिसरी. फुगलेली शीर फुटून रक्त येणं. अशा शिरेवरची कातडी पातळ झालेली असते, टॉवेलने पुसताना किंवा सहज खाजवतानाही ती फुटते. दुखत नाही, म्हणून माणूस खुर्चीवर पाय सोडून बघत बसतो आणि रक्त वाहतच राहतं. ताबडतोब जमिनीवर आडवं व्हायचं, पाय हृदयाच्या पातळीच्या वर घ्यायचा आणि स्वच्छ कापडाने नेमक्या जागेवर दाब द्यायचा, किमान दहा मिनिटं, मधेच उचलून न पाहता. वरच्या बाजूला ओढणी किंवा दोरी आवळू नये. शिरेतलं रक्त वर जाण्याची वाट त्याने अडते आणि खालून रक्त वाहणं वाढतं. थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

चौथी गोष्ट शिरांची नाही, पण इथेच सांगायला हवी. पाय एकाएकी गार, फिका आणि बधिर पडला, खूप दुखू लागला, तर धमनी बंद झाली असण्याची शक्यता असते. तिथे तासांचा हिशेब असतो.

हाताच्या पाठीवर एक प्रयोग

हा भाग वगळला तरी चालेल, पण केला तर पुढचं सगळं नीट कळतं. हात खाली लोंबता सोडा. पाठीवर शिरा फुगल्या की लांब, सरळ शीर निवडा. बोटांकडच्या टोकाला एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने शिरेतलं रक्त मनगटाच्या दिशेने सारून ते बोट उचला. झडप मधे आली असेल तर तेवढा तुकडा रिकामा राहतो, वरून रक्त परत येत नाही. आता खालचं बोट सोडा. शीर खालून झर्रकन भरते. विल्यम हार्वेने रक्ताभिसरणावरच्या १६२८च्या पुस्तकात हाच प्रयोग हाताच्या चित्रांसह दिला होता. झडपांचं वर्णन त्याच्याही आधी, १६०३ साली, त्याचे पादुआतले गुरू फाब्रिसियस यांनी छापलं होतं. झडपा रक्ताला एकाच दिशेने जाऊ देण्यासाठी आहेत, हे मात्र शिष्याला उमगलं.

पायात याच झडपा आहेत आणि त्यांच्यावर काम जास्त आहे. माणूस स्तब्ध उभा असला की घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरएवढा दाब असतो, कारण तिथपासून हृदयापर्यंत रक्ताचा उभा स्तंभ असतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू खोल शिरा पिळतात, रक्त वर जातं, झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि दाब साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. झडपा सैल झाल्या तर चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. सूज, खाज, काळे डाग, न भरणारी जखम, सगळं या न उतरणाऱ्या दाबातून येतं. बिघाड शिरेत असतो आणि सोसते कातडी. त्यामुळे वरून दिसणाऱ्या वेटोळ्यांच्या आकारावरून आजार किती पुढे गेला आहे हे कळत नाही. बोटाएवढ्या जाड शिरा घेऊन काही माणसं विनातक्रार म्हातारी होतात, आणि कुणाच्या पायावर एकही शीर दिसत नसताना घोट्यावर जखम होते.

चौकात उभा असणारा वाहतूक पोलीस, दिवसभर फळ्यापुढे उभ्या शिक्षिका, सलूनवाले, इस्त्रीवाले, पोळी-भाजी केंद्रातल्या बायका, यांचा पोटरीचा पंप तासन्‌तास बंद असतो. वारीत दिवसभर चालणाऱ्याचा पंप चालू असतो. पंढरपुरात दर्शनबारीत उभं राहिलं की तो थांबतो, आणि पाय जड होतात ते तिथे. घराण्यात हा त्रास असणं, बाळंतपणं, वाढतं वय आणि वजन ही बाकीची कारणं.

पहिली पायरी: दुखण्याची वेळ लिहा

पाय बघण्याआधी वही उघडा आणि आठवडाभर तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. केव्हा वाढतं? कशाने कमी होतं? कुठून कुठे जातं?

शिरांच्या आजारात माणूस "दुखतं" असं क्वचितच म्हणतो. पाय जड झाले, भरून आले, ओढ लागते, ठणकतात, आग होते, रात्री पोटरीत गोळा येतो किंवा वांब येतात, असं म्हणतो. हे उभं राहून किंवा पाय लोंबकळत सोडून वाढतं, संध्याकाळी आणि उन्हाळ्यात जास्त असतं, बायकांना पाळीच्या आधी अधिक जाणवतं, आणि चाललं किंवा पाय उशीवर ठेवले की उतरतं. चालण्याने बरं वाटतं ही मोठी खूण आहे.

याच्या उलट गोष्टी घडत असतील तर शोध दुसरीकडे घ्यावा लागतो. ठरावीक अंतर चाललं की पोटरी धरते आणि दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहिलं की सुटते, हे धमन्या अरुंद झाल्याचं लक्षण. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेह्यांत ते विशेष बघावं. अशा माणसाला रात्री पाय वर ठेवून त्रास होतो आणि खाटेवरून खाली सोडला की आराम पडतो. कंबरेतून मांडीच्या मागून खाली उतरणारी, खोकल्याने झणझणणारी कळ मणक्याची. दोन्ही तळव्यांची रात्री होणारी आग, चप्पल पायात आहे की निसटली हे न कळणं, हे मधुमेहाने मज्जातंतूंना झालेल्या इजेचं. जिना उतरताना दुखतं ते बहुधा गुडघ्याचं. एकाच पायात यांतल्या दोन गोष्टीही असू शकतात. साठीनंतर तर असतातच म्हणा. म्हणून लिहायचं. आठवणीतून सांगताना सगळं दुखणं एकच होऊन जातं.

दुसरी पायरी: उभ्याने पाहणं

पाय मांडीपर्यंत उघडे करा आणि भरपूर उजेडात निदान पाच मिनिटं उभे राहा. तपासायच्या पायावर भार कमी ठेवा, गुडघा किंचित वाकवा, पाय बाहेरच्या अंगाला वळू द्या. बॅटरी समोरून न धरता एका बाजूने धरा. तिरप्या उजेडात उंचवट्यांची सावली पडते आणि सावळ्या कातडीखालची निळी रेघ दिसली नाही तरी फुगवटा दिसतो.

शिरांच्या दोन वाटा तपासायच्या. पहिली, मोठी, आतल्या घोट्याच्या पुढून निघते, नडगीच्या आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाने मांडीतून जांघेपर्यंत जाते. दुसरी, छोटी, बाहेरच्या घोट्याच्या मागून निघून पोटरीच्या मधोमध गुडघ्यामागच्या लवणीत जाते. तिच्यासाठी आरसा आहे. या वाटांवर किंवा त्यांच्या फाट्यांवर उभ्याने ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, फुगलेली, बहुधा नागमोडी शीर दिसली तर तिला व्हेरिकोज व्हेन म्हणतात. १ ते ३ मिलिमीटरच्या निळसर रेषा आणि १ मिलिमीटरहून बारीक तांबड्या-जांभळ्या जाळ्या वेगळ्या. शिबिरांच्या जाहिरातींत त्यांचे फोटो जास्त असतात, कारण त्या घालवलेल्या चटकन दिसतात. तक्रार आणि सूज नसेल, कातडी ठीक असेल, तर त्यांच्यावर उपचार केलेच पाहिजेत असं काही नाही. हौस असेल तर करावेत.

जांघेत उभ्याने येणारा आणि आडवं होताच नाहीसा होणारा मऊ फुगवटा बघून घरचे हर्निया म्हणतात. कधी कधी ती मोठ्या शिरेच्या तोंडाशी झालेली फुग असते. ठरवायचं काम डॉक्टरांचं, नोंद तुमची. जांघेच्या वर, ओटीपोटावरून आडव्या गेलेल्या फुगीर शिरा दिसल्या तर मात्र वहीत ठळक लिहा. आतली मोठी शीर पूर्वी कधी बंद झाली असेल तर रक्त या पर्यायी वाटेने जात असतं. अशा शिरा आतली तपासणी झाल्याशिवाय कोणाला काढू किंवा जाळू देऊ नयेत.

दिसलेल्या सगळ्याचे फोटो काढा, टेप शेजारी धरून. सहा महिन्यांनी तुलनेला तेच उपयोगी पडतात.

तिसरी पायरी: अंगठा आणि टेप

नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठा दहा सेकंद दाबून ठेवा आणि काढा. खळगा राहिला तर सूज आहे. मोज्याच्या इलॅस्टिकचा नुसता वळ म्हणजे सूज नाही.

आता टेप. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या खाली १० सेंटिमीटरवर पेनने खूण करा आणि तिथे दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. थोडाफार फरक निरोगी माणसातही असतो. ३ सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर गुठळीचा संशय घ्यायचा आणि त्याच दिवशी दाखवायचं. डाव्या पायात गुठळ्या जास्त आढळतात, कारण ओटीपोटात डाव्या पायाच्या मुख्य शिरेवरून उजव्या पायाची धमनी जाते आणि तिचा दाब त्या शिरेवर पडतो. घोट्याचा घेर सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी, असा आठवडाभर लिहा. सकाळी सैल आणि संध्याकाळी रुतणारी चप्पल हीसुद्धा मोजणीच आहे.

दोन्ही पाय सारखेच सुजत असतील तर आधी बाकीच्या गोष्टी तपासाव्या लागतात: हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातली प्रथिनं. सकाळी चेहरा किंवा पापण्याही सुजत असतील, किंवा रात्री उताणं झोपल्यावर दम लागत असेल, तर शिरांच्या डॉक्टरांआधी फिजिशियन. ब्लडप्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू असेल तर तेही सांगा. त्या गोळीने घोटे सुजतात, आणि सूज उतरवायला म्हणून दुसरी गोळी सुरू होते. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नये.

आणखी एक तपासणी, चिमटीची. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, बायका जोडवी घालतात बरोबर तिथे, वरची कातडी चिमटीत धरून बघा. शिरांच्या सुजेत पायाची बोटं सहसा सुटतात, म्हणून कातडी सहज उचलली जाते. ती जाड होऊन चिमटीत येतच नसेल, जोडवी कापून काढायची वेळ आली असेल, तर लसिकावाहिन्या तुंबल्या आहेत असं समजावं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या भागातल्या माणसाच्या बाबतीत इथे हत्तीरोगाची आठवण ठेवायलाच हवी. त्यासाठी रक्त रात्री घेतात, कारण त्या कृमीची सूक्ष्म पिल्लं रात्रीच मोठ्या संख्येने रक्तात उतरतात.

चौथी पायरी: घोट्याची कातडी

इथे थांबा. बाकी सगळं पाच मिनिटांत उरकलं तरी चालेल, हे नाही. पोटरीचा खालचा तिसरा हिस्सा, त्यातही आतल्या घोट्याच्या वरची वीतभर जागा, हीच शिरांच्या आजाराची खरी वही आहे. चाललेलं सगळं तिथे लिहिलं जातं.

आधी घोट्याच्या खाली, तळपायाच्या कडेला पाहा. तिथे बारीक निळ्या शिरांचा पंखा पसरलेला दिसला तर वरचा दाब घोट्यापर्यंत पोहोचला असं समजा. शिरांच्या आजाराच्या टप्प्यांची जी वर्गवारी डॉक्टर वापरतात (ती पुढे येईल), तिच्या २०२०च्या आवृत्तीत या पंख्याला कातडीच्या बदलांमध्ये स्वतंत्र जागा मिळाली आहे.

मग रंग. दाब वाढला की रक्तपेशी शिरांतून बाहेर झिरपतात, फुटतात आणि त्यांच्यातलं लोह कातडीत साठून राहतं. पुस्तकांत हा रंग गोऱ्या पायावर विटकरी-तपकिरी दाखवलेला असतो. आपल्या कातडीवर तो काळपट, करडा, कॉफीसारखा दिसतो, आणि "डास चावून काळं पडलं", "उन्हाने रापलं" म्हणून सुटून जातो. ओळखायचा तर त्याच पायाच्या बाहेरच्या अंगाशी आणि दुसऱ्या पायाशी ताडून पाहायचा. लालीचंही तसंच. सावळ्या कातडीवर लाली जांभळट दिसते किंवा दिसतच नाही, म्हणून हाताची पालथी बाजू लावून ऊब तपासावी.

मग खाज. कोंडा सुटतो, कातडी तडकते, पाणी येतं. हे शिरांमुळे होणारं इसब. गजकर्ण समजून मेडिकलमधून तीन औषधांचं मिश्रण असलेलं मलम आणलं जातं. त्यात स्टेरॉइड असतं, आठवडाभर बरं वाटतं, कातडी आणखी पातळ होते, आणि खाजवून पडलेल्या ओरखड्याची पुढे जखम होते. गजकर्णाला गोल, उठावदार कडा असते आणि मधला भाग निवळत जातो. शिरांच्या इसबाला अशी कड नसते आणि ते घोट्याच्या आतल्या बाजूचं घर सोडत नाही. पायाला सूज असेल आणि तिथेच खाजत असेल, तर मलमाच्या आधी शिरा तपासून घ्याव्यात.

पांढरे, गुळगुळीत, खोलगट चट्टे आणि त्यांत लाल ठिपके दिसले की घरात कोडाची भीती बसते. कोडात कातडीचा पोत बदलत नाही, फक्त रंग जातो. हे चट्टे म्हणजे रक्तपुरवठा तुटलेली कातडी, आणि लागलं तर तिथली जखम फार दुखते, फार उशिरा भरते.

शेवटी चिमटीत धरून पाहा. निरोगी घोट्यावर कातडी सरकते. जुन्या आजारात ती खालच्या चरबीसह आवळते, लाकडासारखी टणक होते, पाय घोट्याशी बारीक आणि वर पोटरीत फुगीर, उलट्या धरलेल्या सुरईसारखा दिसू लागतो. अशी कातडी कधी कधी अचानक लाल, गरम होते आणि ताप नसतानाही जंतुसंसर्ग म्हणून प्रतिजैविकांवर प्रतिजैविकं दिली जातात. पाय वर ठेवून आणि बाहेरून योग्य दाब देऊन ती निवळते. खरा जंतुसंसर्ग बहुधा ताप, थंडी घेऊन येतो आणि तासातासाला पसरतो. शंका असली तर वाट पाहू नये.

जखम असेल तर तिची जागा लिहा. आतल्या घोट्याच्या वर, उथळ, वेड्यावाकड्या कडेची, ओलसर असेल तर शिरांची. पायाच्या बोटांच्या टोकांवर, टाचेवर, कोरडी, खोल आणि अतिशय दुखरी असेल तर धमनीची. तळव्यावर, न दुखणारी, कडेला घट्टा असलेली जखम मधुमेहाची, किंवा बधिरता असेल तर कुष्ठरोगाचीही. घोट्याची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल तर हळद, तंबाखू, बोरिक पावडर यांचे प्रयोग थांबवून शिरांची तपासणी करून घ्यायची. वर्षानुवर्षं जुन्या जखमेची कड उलटून वर येऊ लागली तर त्या कडेचा तुकडा तपासायला पाठवायला सांगा. क्वचित तिथे कॅन्सर होतो.

पाचवी पायरी: आडवं होऊन

आता पलंगावर पडा आणि पाय भिंतीला टेकवून वर करा. निव्वळ फुगलेल्या शिरा मिनिटाभरात बसतात आणि पाय हलका वाटतो. शीर बसली नाही, दोरीसारखी कडक लागते, दुखते, वरची कातडी गरम आहे, तर तिच्यात गुठळी होऊन ती सुजली आहे. याला पूर्वी फारसं महत्त्व देत नसत. आता सोनोग्राफी करतात, कारण ती गुठळी खोल शिरेत शिरू शकते. कडकपणा मांडीत असेल किंवा जांघेकडे सरकत असेल तर त्याच दिवशी जायचं. पाय वर केल्यावर तळवा पांढरा पडला आणि खाली सोडल्यावर लालभडक झाला, तर पुन्हा धमनीचा विचार.

सहावी पायरी: पायाची नाडी

शिरांसाठी पाय आवळून धरणारे दाबाचे मोजे मिळतात. ते विकत घेण्याआधीची ही पायरी आहे. पावलाच्या पाठीवर, अंगठा आणि दुसरं बोट यांच्या हाडांमधल्या खाचेत, दोन बोटं हलकी ठेवून नाडी शोधा. लागली तर उत्तम. लागली नाही तर घाबरू नका, काही निरोगी माणसांतही ती तिथे लागत नाही. पण मग दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालायचे नाहीत. आधीच कमी रक्त मिळणाऱ्या पायाला बाहेरून आवळलं तर बोटं काळी पडू शकतात. दवाखान्यात घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर धमन्यांत अडथळा आहे. जुन्या मधुमेह्यांत धमन्या कडक झाल्याने आकडा फसवा, जास्त येतो, हे त्यांनी डॉक्टरांना आठवण म्हणून सांगायला हरकत नाही.

वही घेऊन डॉक्टरांकडे

रिपोर्टवर "सी"पुढे आकडा लिहिलेला दिसेल. ही वर्गवारी १९९४ साली हवाईत जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवली, २००४ आणि २०२०मध्ये ती सुधारली. सी० म्हणजे डोळ्यांना काही दिसत नाही, सी१ बारीक जाळ्या, सी२ फुगलेल्या शिरा, सी३ सूज, सी४ कातडीचे बदल, सी५ भरलेली जखम, सी६ उघडी जखम. सी१ असेल तर निवांत बसा. सी२ आणि सी३मध्ये तक्रार किती आहे त्यावर ठरवा. घाई नसते, आणि "आजच लेसर करून टाका" असं म्हणणाऱ्याला दुसरं मत घेऊन येतो असं सांगायला संकोच वाटू नये. सी४पासून पुढे टाळाटाळ महागात पडते.

तपासणी म्हणजे डॉप्लर सोनोग्राफी, सुई नाही, किरण नाहीत. गळती बघण्यासाठी ती उभ्याने करायची असते. पोटरी दाबून सोडतात आणि रक्त किती वेळ उलटं वाहतं ते मोजतात. कातडीखालच्या वरवरच्या शिरांत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह दिसला तर झडप निकामी. फक्त आडवं झोपवून केलेल्या तपासणीत गुठळी नाही एवढं कळेल, झडपांचं नीट कळणार नाही. "उभ्याने केली का?" हा प्रश्न सोनोलॉजिस्टला विचारावा, आणि खोल शिरा मोकळ्या आहेत हे वाक्य रिपोर्टमध्ये आहे का ते पाहावं.

सी६वाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी. आधी जखम भरू दे, मग शिरेचं बघू, असं अजूनही बरेच ठिकाणी सांगितलं जातं. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईव्हीआरए चाचणीत सगळ्यांना दाबाच्या पट्ट्या बांधल्याच होत्या. ज्यांच्या शिरेवर लगेच उपचार केले त्यांच्यातल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, ज्यांना थांबवलं त्यांच्यात तेवढ्यांना ८२ दिवस लागले. म्हणून जखम घेऊन जाणाऱ्याने पहिल्या ड्रेसिंगच्याच दिवशी डॉप्लरची चिठ्ठी मागून घ्यावी.